किल्ली कुणाकडे? सांगलीतल्या एका केंद्राचं प्रकरण

सांगलीत आम्ही अपंग माणसं स्वतःच चालवतो ते केंद्र एका गाळ्यात आहे. बक्षीसपत्राचा कच्चा मसुदा त्या गाळ्यातल्या टेबलावर आठ दिवस पडून होता. वीस गुंठे जमीन, तीही रस्त्याला लागून. त्यावर दुमजली इमारत बांधून द्यायची तयारी, तीस खाटा, स्वयंपाकघर, दारात एक रुग्णवाहिका. देणारे तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांची लेक सेरेब्रल पाल्सीची होती, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातपायांवर ताबा नसलेली. एकोणिसाव्या वर्षी गेली. तिच्या नावानं काहीतरी उभं राहावं एवढीच त्यांची इच्छा. माणूस खरा. बोलताना डोळ्यांत पाणी यायचं आणि ते लपवायचे नाहीत. अट एकच होती. नऊ विश्वस्तांपैकी सात त्यांच्याकडचे, दोन आमचे. "तुम्ही कशाची काळजी करू नका," ते म्हणाले, "तुम्ही फक्त या आणि राहा. बाकी सगळं आम्ही बघतो."

आम्ही ते घेतलं नाही. का घेतलं नाही, त्याची काय किंमत पडली आणि "घ्या" म्हणणाऱ्यांचं कुठं बरोबर होतं, हे नीट लिहून ठेवायला हवं. उद्या दुसऱ्या तालुक्यात असा गट उभा राहिला, तर त्यांच्या टेबलावरही असा मसुदा कधी ना कधी येईल. माणसांची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. जे ज्या नावानं गाळ्यात ओळखले जातात, तेच वापरते.

मी स्वतः पोलिओची. दीड वर्षाची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. पायाला आधाराचा कॅलिपर आणि काखेत कुबडी, यावर एका पतसंस्थेत नोकरी पुरी केली. केंद्राचा हिशेब आणि बैठकांची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. सरकारी कागदावर आता "दिव्यांग" लिहितात. आम्ही आपसात अपंगच म्हणतो, म्हणून इथंही तोच शब्द ठेवला आहे.

रांगेतली ओळख

आमची सुरुवात कुठल्या तत्त्वावरून झाली नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत झाली. सकाळी सातला आलेली माणसं दुपारी दोनपर्यंत बसायची, तेव्हा बोलणं होणारच. मिरजेचा टेलर होता. उसाची ट्रॉली उलटून कण्याला मार बसला होता, कमरेखाली संवेदना नाही. खानापूर तालुक्यातले फौजीकाका होते, चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेले. एक अंध मास्तर होते, हायस्कूलला इतिहास शिकवायचे. आणि एक आई, सोबत विशीतला मुलगा. त्याचं बोलणं पटकन कळत नाही, हातपाय आपल्या मनानं चालतात. त्याला आम्ही सगळे "धाकटा" म्हणतो.

त्या दिवशी फौजीकाकांनी टेलरला विचारलं, "बूड किती वेळानं उचलतोस?" टेलरला प्रश्नच कळला नाही. संवेदना नसलेलं शरीर एका जागी दाबून राहिलं की कातडी आतून मरते आणि जखम होते. म्हणून दर वीस-तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं असतं. ही गोष्ट टेलरला दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती. त्याच्या माकडहाडावर तेव्हा रुपयाएवढी जखम होती आणि घरी ती हळद लावून झाकत होते. फौजीकाका पुण्याजवळच्या खडकीत, कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी असलेल्या पॅराप्लेजिक केंद्रात राहून आले होते. त्यांना हे तिथं डॉक्टरनं नव्हे, शेजारच्या खाटेवरच्या हवालदारानं शिकवलं होतं.

पुढच्या गुरुवारी फौजीकाका टेलरच्या घरी गेले आणि सोबत एक फळी नेली. सागवानी, दोन्ही टोकं निमुळती, वरून इतकी घासलेली की हात ठेवला तर सरकतो. पलंगाच्या कडेला खुर्ची तिरकी लावायची, चाकाचा ब्रेक ओढायचा, फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं खुर्चीच्या गादीवर. मग डोकं एका बाजूला झुकवायचं आणि कंबर दुसऱ्या बाजूला ढकलायची. टेलर पहिल्यांदा सरकला तेव्हा बायकोनं दोन्ही हात पुढं केले होते. फौजीकाकांनी तिला एवढंच सांगितलं, "वहिनी, हात मागं घ्या. पडला तर मी हाय की." तो पडला नाही. त्या दिवसापर्यंत त्याला रोज सकाळी भाऊ उचलून ठेवायचा आणि भाऊ कामावरून येईपर्यंत तो ठेवल्या जागी बसून असायचा.

परदेशातल्या केंद्रांत याला "पिअर काउन्सेलिंग" म्हणतात, म्हणजे त्याच वाटेनं गेलेल्यानं दुसऱ्याला वाट दाखवणं. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. गुरुवार हेच नाव पडलं.

बहात्तर साल

आमच्या भागात बहात्तर साल म्हटलं की म्हाताऱ्यांना दुष्काळ आठवतो, सुकडी आणि मिलो आठवतो. मास्तरांनी एका गुरुवारी त्याच सालाची दुसरी गोष्ट सांगितली. मोबाइलवर ऐकून ऐकून त्यांनी ती पक्की केली होती.

अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा. १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. श्वासासाठी रात्री "लोखंडी फुप्फुस" म्हणतात त्या पिंपासारख्या यंत्रात झोपावं लागायचं. १९६२ साली त्यानं कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. ते अवजड यंत्र वसतिगृहात ठेवणं जमेना, म्हणून विद्यापीठाच्या आवारातल्या कॉवेल रुग्णालयात त्याची राहायची सोय केली. पुढं तसेच आणखी विद्यार्थी तिथं आले. दवाखान्याच्या वॉर्डात राहणाऱ्या या पोरांनी आपल्या टोळीला "रोलिंग क्वाड्स" नाव दिलं आणि १९७० साली अपंग विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाकडून एक योजना सुरू करून घेतली. मदतनीस शोधून देणं, राहायला खोली बघून देणं, बिघडलेली खुर्ची लगेच दुरुस्त करणं. मग गावातली, विद्यापीठाशी संबंध नसलेली अपंग माणसंही त्यांच्या दारात येऊ लागली. त्यातून १९७२ साली "सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग" निघालं. सुरुवात एका छोट्या फ्लॅटमधून झाली. ज्या पुनर्वसन खात्यातल्या लोकांनी एकेकाळी रॉबर्ट्सला "हा कधी नोकरी करू शकणार नाही" असं ठरवून टाकलं होतं, त्याच खात्याचा संचालक म्हणून १९७५ साली त्याची नेमणूक झाली.

गोष्ट संपल्यावर टेलरनं विचारलं, "म्हंजे पंक्चर काढायचं दुकानच की ते?" मला अजून वाटतं, त्या केंद्राचं इतकं नेमकं वर्णन दुसरं कुणी केलं नसेल. खुर्चीचं पुढचं लहान चाक तुटलं की माणूस घरात अडकतो, आणि सायकलवाला म्हणतो हे आमचं काम नव्हे. चाक, माणूस आणि खोली, या तीन गोष्टी हाताशी आल्या की बाकीचं ज्याचं तो ठरवतो.

मास्तरांनी पुढच्या काही गुरुवारी अजून सांगितलं. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंग माणसं सरकारी इमारतीत शिरली आणि जवळजवळ पंचवीस दिवस बाहेर पडली नाहीत. अपंगांशी भेदभाव करू नये असं कायद्यात १९७३ सालीच आलं होतं, पण त्याचे नियम कुणी सही करून काढत नव्हतं. जूडी ह्यूमन ही त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक, तीही पोलिओची. आत अडकलेल्यांना गरम जेवण ब्लॅक पँथर या काळ्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाची माणसं पोचवत होती. हे ऐकल्यावर आमच्यातला एक जण खुर्चीत पुढं सरकला. त्याच्या वडिलांनी दलित पँथरचं काम केलेलं, आणि ती संघटनाही १९७२ चीच. "सगळी कशी एकाच सालात उठली?" तो म्हणाला. मास्तर म्हणाले, "याच सालात आपल्या पेठ इस्लामपूरचा माणूस जर्मनीत पोहत होता." मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले फौजी. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, ते भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली.

पेटकरांबद्दल मला अभिमान आहे आणि एक तक्रारही आहे. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांची गोष्ट आमच्यापुढं ज्या पद्धतीनं ठेवली जाते तिच्याबद्दल आहे. "बघ, त्यांनी केलं, तुला का जमत नाही?" त्या जिद्दीच्या पाठीशी लष्करी दवाखान्यातले उपचार होते. टेलरला दोन वर्षांत बूड उचलायचंही कुणी शिकवलं नव्हतं.

आणि याच मुद्द्यावर आमचं आपसातलं पहिलं मोठं भांडण झालं. सातारा-सांगलीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं रयत शिक्षण संस्थेचं वाक्य कायमचं रंगवलेलं असतं: स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. कर्मवीरांनी ते गरिबांच्या पोरांसाठी दिलं आणि पिढ्या उभ्या केल्या. पण आम्ही त्याचा अर्थ असा घेतला होता की अपंगानं जितकं स्वतःच्या हातानं करावं तितका तो मोठा. धाकटा शर्टाची बटणं स्वतः लावायचा. पाच बटणांना पाऊण तास. तोपर्यंत घामानं शर्ट भिजलेला, मान आखडलेली, आणि संगणकाच्या क्लासची वेळ टळून गेलेली. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. एक दिवस त्यानं मोबाइलवर एका बोटानं टाइप करून दाखवलं: "बटण तुम्ही लावा. मला क्लासला जायचंय."

आम्हाला तिथून कळायला लागलं की स्वावलंबन आणि स्वातंत्र्य या एकाच गोष्टी नव्हेत. बटण कुणी लावलं याला महत्त्व नाही. शर्ट कुठला घालायचा, किती वाजता निघायचं आणि बटण लावणारं माणूस कोण, हे ठरवतो कोण, यात सगळं आलं.

पाणी

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणाला सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसं गेली.

पुराच्या गावात घरं उंच जोत्यावर बांधतात. चालत्या माणसासाठी ते शहाणपण आहे. खुर्चीवाल्यासाठी तेच जोतं तुरुंग होतं. चढ-उताराचा नियम सांगतो की एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार हवा. तीन फूट जोतं म्हणजे छत्तीस फूट उतार. गावभागातल्या बोळाची रुंदी बघितली तर हा हिशेब कुठंच बसत नाही. म्हणून नदीकाठची आमची माणसं वर्षानुवर्षं घरातच होती आणि पाणी आलं तेव्हा त्यांना कुणीतरी उचलूनच बाहेर काढायला हवं होतं.

टेलर तेव्हा नदीकडच्या वस्तीत बहिणीकडे होता. पोरांनी त्याला बाजेवर घालून नेलं. पोरं जिवावर उदार झाली, त्यात शंका नाही. पण खुर्ची मागं राहिली, फळी मागं राहिली, लघवीच्या पिशव्यांचा खोका मागं राहिला. निवारा एका शाळेत होता, संडास चार पायऱ्या चढून. खुर्ची नाही, आत जाता येत नाही, आणि तिथं तीनशे माणसं. टेलरनं काय केलं, तर खाणं-पिणंच बंद केलं. तीन दिवस तो घोटभर पाण्यावर राहिला आणि वाढायला येणाऱ्याला "पोट भरलंय" म्हणत राहिला. फरशीवर एकाच कुशीवर पडून माकडहाडाची जुनी जखम उघडी पडली, लघवीत पू झाला. पूर ओसरला, लोकांनी घरं धुतली. टेलर तेव्हा मिरजेत खाटेवर पालथा पडून होता, आणि पुढं चार महिने तसाच.

त्यानंतर आम्ही गाळा घेतला. सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला, पाणी न येणाऱ्या भागात, रस्त्याच्या पातळीला. भाडं वर्गणीतून. भिंतीवर एक तक्ता लावला. कोण कुठं राहतं, जोतं किती, खुर्ची आहे का, रोजची औषधं कोणती, उचलायला किती माणसं लागतात आणि कसं उचलायचं. शेवटच्या रकान्याचा मथळा धाकट्यानं सुचवला: "पाणी किती फुटांवर गेल्यावर मला निघायचं आहे." ज्यानं त्यानं आपला आकडा स्वतः लिहायचा. कुणी ३५ लिहिलं, कुणी ४०.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी टेलरनं आपला आकडा आल्यावर स्वतःच फोन केला आणि खुर्ची, फळी, खोका घेऊन पाणी चढायच्या आधी गाळ्यात आला. आम्ही नऊ जण तिथं पाच रात्री होतो. नवव्याचं घर शेवटी पाण्यात गेलंही नाही, पण निघायचं त्यानं ठरवलं होतं, म्हणून कुणी त्याला "उगाच आलास" म्हटलं नाही.

किल्ली

गाळ्याच्या शटरच्या दोन किल्ल्या. एक टेलरकडे, एक माझ्याकडे. सुरुवातीला एका हितचिंतकांनी सुचवलं होतं की किल्ली शेजारच्या दुकानात ठेवा, तुम्हाला शटर कुठं उचलणार? शटर आम्हाला उचलत नाही, हे खरं. शेजारचा पोरगा उचलतो. पण किल्ली आम्ही देतो, मग तो उचलतो. टेलर उशिरा आला तर शटर उशिरा उघडतं.

मदतनीसांचंही तसंच. स्वीडनमध्ये १९८४ पासून अपंगांची एक सहकारी संस्था आहे, तिथं ज्याला मदत लागते तोच आपला मदतनीस निवडतो आणि काम कसं करायचं ते सांगतो. सहकार म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आम्ही वस्तीतल्या दोन मावश्या आणि एक दादा तासांवर ठेवले. पैसे घरच्यांचेच, बहुतेकदा वडिलांचे. कारण संजय गांधी निराधारचं अनुदान दरमहा १,५०० होतं, आता अपंगांना २,५०० झालं, आणि त्यात मदतनीसाचा आठवडाही निघत नाही. पण नियम केला की पगार द्यायचा तो ज्याला मदत लागते त्याच्याच हातून. धाकट्याच्या हाताला थरथर आहे, नोटा खाली पडतात. मावशी थांबते. तो उचलू बघतो, नाही जमलं तर सांगतो, मग ती उचलते. पहिल्या महिन्यानंतर मावशीनं आईला विचारायचं सोडलं. "आज काय घालायचं?" हे ती त्याला विचारायला लागली.

समितीचा नियमही तेव्हाच झाला. निम्म्याहून जास्त माणसं अपंग असलीच पाहिजेत. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या केंद्रांना ही अट कायद्यानंच आहे. आम्हाला कुणी घातलेली नव्हती.

तीन बैठका

हे सगळं असं चालू असताना बागायतदार आले. मसुद्यावर तीन बैठका झाल्या. वही माझ्याकडे आहे, म्हणून कोण काय बोललं ते मला चुकवता येत नाही.

पहिल्या बैठकीत बहुतेक सगळे बाजूनं होते. मीसुद्धा. भाड्याची चिंता मिटणार, संडास आपल्या मापाचा होणार, न्हाणीघराचं दार दोन फुटांऐवजी तीन फुटांचं होणार. खुर्ची आत जाते आणि दार लावता येतं, हे सुख ज्यानं वर्षानुवर्षं पडदा ओढून अंघोळ केली आहे त्यालाच कळेल.

दुसऱ्या बैठकीत मास्तरांनी विचारलं, तीस खाटा कुणासाठी? आपल्यापैकी कुणाला तिथं राहायचं आहे? कुणी हात वर केला नाही. मग २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ५ त्यांनी तोंडपाठ सांगितलं. अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुक एका व्यवस्थेतच राहावं अशी तिच्यावर सक्ती होऊ नये, असं त्यात आहे. भारतानं २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातल्या कलम १९ मधून ते आलं. कुठं आणि कुणाबरोबर राहायचं हे ज्याचं त्यानं निवडायचं.

तेव्हा धाकट्याची आई उठली. ती सहसा बोलत नाही, चहा करते.

"मास्तर, माझं वय सदुसष्ट. याचं वजन बासष्ट किलो. रात्री दोनदा कूस बदलावी लागते. मी उद्या गेले तर तुमचं कलम येईल का कूस बदलायला?"

वहीत त्यापुढं मी काही लिहिलेलं नाही. कुणी बोललंच नाही.

तिचा प्रश्न खोटा नाही, आणि बर्कलीच्या गोष्टीत त्याचं सरळ उत्तर नाही. तिथं पोरं दवाखान्यातून बाहेर पडायला भांडत होती. आमच्याकडे दवाखाना नाही, आश्रम नाही. आमच्याकडे आई आहे. आमच्या माणसांना कुणी कोंडून ठेवत नाही, मायेनं घरात ठेवतात, आणि ती माय म्हातारी होते. भिंतीशी भांडता येतं. थकलेल्या आईशी काय भांडणार? अपंगांच्या चळवळीबद्दल बोलणाऱ्यांनी हा प्रश्न टाळला तर आयांनी त्यांचं का ऐकावं, हे मला कळत नाही.

तिसऱ्या बैठकीआधी आम्ही चौघं कोल्हापूरला जाऊन आलो. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली "हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड" संस्था तिथं आहे. नसीमादीदी स्वतः पॅराप्लेजिक. आमच्या जिल्ह्यातलीही मुलं तिथल्या वसतिगृहात राहून शिकली. मनात आणलं असतं तर "निवासी संस्था वाईट" असं वाक्य आम्हाला परतताना सोबत घेता आलं असतं. ते खरं ठरलं नसतं. घरापासून शाळेपर्यंत रस्ताच नसलेल्या पोरीला वसतिगृहानं रस्ता दिला. पण ती संस्था जिनं उभी केली ती स्वतः खुर्चीवर होती. पायऱ्या कुठं नकोत हे तिला दुसऱ्याला विचारावं लागलं नाही. येताना गाडीत फौजीकाका एवढंच म्हणाले, "तीस खाटा असूद्यात की. सात-दोन नसूद्यात."

म्हणून तिसऱ्या बैठकीत ठराव झाला तो इमारत नाकारायचा नव्हता. नऊपैकी पाच विश्वस्त अपंग असावेत आणि कायम राहण्याच्या तीस खाटांऐवजी चारच खाटा असाव्यात, त्याही आई आजारी पडली, लग्नाला गेली, तर महिना-पंधरा दिवस राहण्यापुरत्या, अशी विनंती करायचं ठरलं. धाकट्याला आईसमोर विचारलं, तुला काय वाटतं? त्यानं टाइप करायला सहा मिनिटं घेतली. सगळे थांबले. "आई दमली. मला दिसतं. पण ३० जणांत नको. रात्रीला माणूस हवं. माणूस मी निवडणार."

बागायतदारांना पत्र गेलं, आणि इथं आमची चूक झाली. पत्र मी लिहिलं. ठराव, टक्केवारी, कलम क्रमांक, सगळं त्यात होतं. त्यांच्या लेकीचं नाव नव्हतं. आधी त्यांच्या घरी जायला हवं होतं, तिचा फोटो बघायला हवा होता, तिला काय आवडायचं हे विचारायला हवं होतं. एका बापानं लेकीच्या नावानं पुढं केलेल्या हाताला आम्ही कागदानं उत्तर दिलं. त्यांनी मसुदा परत मागवला. भांडले नाहीत. "तुम्हाला आमच्यावर विश्वास नाही," इतकंच म्हणाले. त्या वाक्याचं ओझं माझ्या मनावर अजून आहे. निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन, पण ते पत्र मी लिहिणार नाही.

दोन कुटुंबं गट सोडून गेली. त्यातल्या एका आईचा मुलगा आज लांबच्या एका निवासी संस्थेत आहे. तो तिथं कसा आहे हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. मास्तरही वर्षभर आले नाहीत. त्यांना वाटत होतं की चार खाटांचीसुद्धा विनंती करून आम्ही तत्त्व सोडलं. या गुरुवारी कोपऱ्यात त्यांची पांढरी काठी दिसली.

धाकट्याच्या आईनं गट सोडला नाही. पण ठराव झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती गाळ्यात आली आणि चहाचं भांडं चुलीवर ठेवायच्या आधी म्हणाली, "ठरवलंत ना? मग रात्रीचं माणूस बघा."

तेव्हापासून आम्ही तेच बघतो आहोत. ज्यांना रात्री मदत लागते अशी चार घरं एकमेकांपासून दीड किलोमीटरच्या आत आहेत. चौघांत मिळून एक रात्रीचा दादा ठेवला. तो मोटारसायकलवरून अकराला एक फेरी करतो, तीनला दुसरी. कूस बदलतो, पिशवी रिकामी करतो, पाणी देतो. धाकट्यानं तिघांशी बोलून त्याची निवड केली. निवडताना त्यानं प्रत्येकाला एकच प्रश्न टाइप करून दाखवला होता: "मी हळू बोलतो. थांबशील?" दोघं हो म्हणाले. तिसरा लगेच काही बोलला नाही, पुढचं टाइप होईपर्यंत थांबला. त्यालाच घेतलं.

पैसे पाच रात्रींचेच जमतात. गाळ्याच्या भिंतीवर पुराच्या तक्त्याशेजारी आता रात्रींचा तक्ता आहे. त्यावर मंगळवार आणि शनिवार मोकळे आहेत. त्या दोन रात्री आई उठते.